किल्ला बांधून झाल्यावर

(महोत्सवातील कुटुंब-मेळाव्यात कडोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे ऋण मानावे, हे रीतीला धरून आहे. आणि ते काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी चोख बजावले आहे. मला चालकांनी ‘कुटुंब आणि सणवार’ असा मोकळा विषय दिला. मोकळे सोडलेले जनावर हिरवे दिसेल तिकडे जाते, तसा मी दिवाळीच्या किल्ल्यापाशी जाऊन थांबलो आहे. तेथून मला अमेरिकेतल्या एका खेळापर्यंत जायचे आहे. वाट वळणाची आहे खरी, पण वाटेत कोणाला मागे टाकणार नाही.

आपल्या कडोलीत काय, आसपासच्या गावांत काय, बेळगावच्या गल्ल्यांत काय, सहामाही परीक्षा आटोपली की पोरे दगडविटा गोळा करू लागतात. दगडांवर पोती, पोत्यांवर चिखल, चिखलावर अळीव नाहीतर मोहरी. चार दिवसांत कोंब वर येतात आणि डोंगर हिरवा होतो. वरती सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, दारात तोफ, खाली विहीर, विहिरीवर मोट. आणि त्याच्याही खाली, जिथे जंगल दाखवायचे असते तिथे, हल्ली हमखास एक प्लास्टिकचा डायनासोर उभा असतो. त्याच्या शेजारी एखादा क्रिकेटपटू, एखादी मोटार, कोळ्यासारखा भिंतीवर चढणारा तो लाल-निळा इसम. वडीलधाऱ्यांना हे खपत नाही. ‘महाराजांच्या काळात डायनासोर होता काय रे?’ म्हणून दटावणी होते. मी मात्र डायनासोरच्या बाजूचा आहे. पोराला जे जे आवडते ते त्याने किल्ल्याच्या आसऱ्याला आणून ठेवले, यात रागावण्यासारखे काय आहे?

माझी तक्रार निराळी आहे. वसुबारसेला किल्ला पुरा होतो, आणि खेळ तिथेच संपतो. पुढचे चार दिवस मुलांना दोनच कामे उरतात. कुत्र्यामांजरांपासून किल्ला राखणे, आणि आल्यागेल्याला तो दाखवणे. दहा दिवस खपून बांधलेल्या गडावर घडत काहीच नाही. मावळा जिथे ठेवला तिथेच उभा असतो, तुळशीचे लग्न होईपर्यंत.

आणि नेमक्या याच चार दिवसांत घर भरलेले असते. कोणी पुण्याहून आलेला, कोणी बेंगळुरूहून, कोणाला पलटणीतून रजा मिळालेली. पहाटे अभ्यंगस्नान होते, फराळ होतो, ख्यालीखुशाली विचारून होते. अकरा वाजतात, आणि जो तो आपापला मोबाईल घेऊन आपापला कोपरा धरतो. मोबाईलला शिव्या देण्यासाठी मी उभा नाही. त्या यंत्रावरच वर्षभर आपण नातवंडांची तोंडे पाहतो. खरी गोष्ट अशी की एकत्र बसून करावे असे काही हातात उरलेले नाही. पूर्वी सोप्यात सारीपाट मांडला जाई, पत्ते पिसले जात. सारीपाटाची आवड किती जुनी, तर वेरूळच्या लेण्यांत प्रत्यक्ष शंकर-पार्वती फाशांचा डाव मांडून बसलेली कोरली आहेत. घाटाखाली सावंतवाडीला दशावतारी गंजिफा खेळत. दहा अवतारांचे बारा बारा, असे १२० गोल पत्ते. दिवसा खेळायचे तर ज्याच्याकडे राम तो उतरणार, रात्री खेळायचे तर ज्याच्याकडे कृष्ण तो. देवांनासुद्धा वेळापत्रक! ते पत्ते आता बहुतेक लोक भेटवस्तू म्हणून नेतात आणि काचेआड ठेवतात.

आता अमेरिकेतल्या खेळाकडे वळतो. आपल्या नातवंडांना तो ठाऊक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतली पोरे तळघरात बसून तोच खेळतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारे आणि आग ओकणारे अजगर, असे त्याचे नाव. या खेळाचे पूर्वज शोधत मागे गेले तर ते आपल्याच अंगणात येतात, म्हणून थोडी वंशावळ सांगतो.

आपल्याकडे चतुरंग होते. हत्ती, घोडा, रथ, पायदळ असे पटावरचे सैन्य. सुमारे १०३० साली अल्‌बेरुनीने हिंदुस्थानातला चौघांनी खेळायचा चतुरंगाचा प्रकार पाहून लिहून ठेवला. त्यात कोणते मोहरे हलवायचे हे फाशावर ठरे. चतुरंग पश्चिमेकडे गेले, त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० साली हेल्विग नावाच्या जर्मन गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर, खेडी मांडली आणि त्याचा युद्धखेळ केला. पुढे प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी तो सुधारला. १८२४ साली मुलाने छापलेल्या नियमांत दोन नव्या गोष्टी ठळक होत्या. एक फासा, आणि दुसरा पंच. पंच खेळत नाही. तो फक्त सांगतो की तुमचा हुकूम पोचला की नाही, आणि पुलापलीकडे तुम्हाला काय दिसते. या पंचाला ध्यानात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे. १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने घरातल्या फरशीवर शिशाची खेळण्यातली शिपाईगडी मांडून लढाया कशा कराव्यात यावर एक पुस्तकच लिहिले. मोठ्या माणसाने गुडघे टेकून खेळावे आणि वर त्याचे नियम छापावेत, याचे मला फार कौतुक वाटते.

त्यानंतर १९६९ साली, अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानात, डेव्हिड वेस्ली या तरुणाने असा एक डाव मांडताना खेळगड्यांना नुसत्या पलटणी वाटल्या नाहीत, माणसेही वाटली. तू गावचा नगराध्यक्ष, तू विद्यार्थ्यांचा पुढारी. मंडळींना ते इतके आवडले की लढाई बाजूलाच राहिली. त्याच मंडळीतला डेव्ह आर्नेसन. त्याने १९७१ च्या सुमारास घराच्या तळघरात टेबलाच्या मधोमध खेळण्यातला एक किल्ला ठेवला आणि मित्रांना सांगितले, हा किल्ला, याच्याखाली भुयारे, आणि तुम्ही प्रत्येक जण एकेक माणूस, चला आत. गॅरी गायगॅक्स या विस्कॉन्सिनमधल्या दुसऱ्या खेळवेड्याने त्याच्याशी हातमिळवणी केली, आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांची एक पेटी, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार, अशी बाजारात आली. आज जगभर तो खेळ खेळला जातो. सांगायचे काय, तर त्यांचा किल्ला टेबलावर होता, आपला अंगणात असतो. त्यांनी किल्ला ठेवल्यावर खेळ सुरू केला, आणि आपण किल्ला झाल्यावर खेळ थांबवतो. एवढाच फरक.

खेळ आहे तरी कसा? त्यात पट नसला तरी चालते. एक जण सांगणारा. तोच तो जुना पंच. बाकीचे प्रत्येकी एकेक सोंग घेतात. सांगणारा प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ‘आता तू काय करशील?’ सोंग घेतलेल्याने उत्तर द्यायचे. जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा, आणि पडेल ते मान्य करून गोष्ट पुढे न्यायची. हारजीत ठरलेली नाही. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. घाटाखालचे दशावतारी नट लिहिलेल्या संहितेवाचून रात्रभर उभे राहतात. कथा ठरलेली, संवाद जागच्या जागी. मुलींची भातुकली म्हणजे तरी दुसरे काय? फक्त त्यात फासा नाही, म्हणून भातुकलीतला भात कधी करपत नाही. म्हणून मी याला सरळ ‘सोंगाचा खेळ’ म्हणतो.

अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात या खेळावर मोठे काहूर उठले होते. मुले यातून भुताखेतांच्या नादी लागतात, सैतानाची पूजा करतात, असे पालकांच्या मनात भरवले गेले. पुढे तो बागुलबुवा आपोआप विरला. आपल्याकडे कोणी भिईल तर एवढेच म्हणेन की मुलांबरोबर स्वतः खेळायला बसावे. बापच किल्लेदार होऊन शेजारी बसल्यावर पोरगे बिघडायला जाणार कुठे?

आमच्या घरी गेली काही वर्षे दिवाळीत हा डाव अंगणातल्या किल्ल्याभोवती मांडतात. नियम घरच्यांनीच बसवले. गड बहुधा पारगड धरतात. चंदगड तालुक्यातला हा गड महाराजांनी १६७६ साली बांधला आणि तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना तिथे किल्लेदार नेमले, हे पुष्कळांनी तिथे जाऊन ऐकले असेल. महाराजांच्या गडांवर कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे समान अधिकारी, म्हणजे एक फुटला तरी गड जात नाही. खेळासाठी याहून सुरेख मांडणी अमेरिकेच्या पुस्तकात सापडायची नाही! हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब, सरनोबताकडे पहारे. तिघांचे एकमत झाल्याशिवाय दार उघडत नाही. बाकीच्यांना गोलंदाज, हेर, सुतार, गवळण, वैद्य. सोंगे चिठ्ठ्या टाकून वाटायची. वय, मान, जात, कोण कोणाच्या घरचे, काही पाहायचे नाही. गेल्या खेपेला सहा वर्षांची मुलगी हवालदार होती आणि तिचे आजोबा मशालजी.

महाराजांचे सोंग कोणीही घ्यायचे नाही, हा पहिला नियम. ते सिंहासनावर असतात, आणि त्यांचा हुकूम पत्राने येतो. यात आदर आहेच, शिवाय खेळाचीही सोय आहे. महाराज स्वतः गडावर असले तर सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसतील आणि कोणी डोके चालवणार नाही.

गडावर काय काय हवे हे आम्ही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातून घेतो. कोल्हापूरच्या गादीसाठी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला हा ग्रंथ गडाची गोष्ट पाण्यापासून सुरू करतो. आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, मग गड बांधावा. म्हणून सबनिसाच्या वहीत पहिला रकाना पाण्याचा, मग दाण्याचा, मग दारूगोळ्याचा. (दारू म्हणजे तोफेची. मागे बसलेल्या तरुण मंडळींनी हसू नये.)

फाशाऐवजी आम्ही सहा कवड्या वापरतो. कठीण काम तेवढ्या जास्त कवड्या उताण्या पडायला हव्यात. यात एक गंमत आहे. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे धरले, तर सहा कवड्या एकूण ६४ प्रकारे पडतात. त्यांत तीन उताण्या पडण्याचे प्रकार २०, आणि सहाही उताण्या पडण्याचा प्रकार अवघा १. चार किंवा अधिक हव्या असतील तर ६४ पैकी २२, म्हणजे साधारण तीन वेळांत एकदा. पाच हव्या असतील तर नवांत एकदा. नववीतल्या एका पोराने हे कोष्टक मांडून किल्ल्याच्या तटाला चिकटवले. परीक्षेत याच धड्याला त्याला धाप लागते.

आता प्रत्यक्ष डाव कसा रंगतो ते ऐका. सांगणारी आमची धाकटी सून. ती म्हणाली, ‘टाक्यात चार दिवसांचे पाणी आहे. गडावर माणसे साठ. खाली वेढा पडलाय. हवालदार, काय करता?’ हवालदार बेंगळुरूच्या इंग्रजी शाळेतला. एरवी त्याचे मराठी ‘हो’, ‘नको’ आणि ‘माहीत नाही’ एवढ्यावर भागते. तो ओरडला, ‘अटॅक!’ सबनीस म्हणजे त्याची आत्या. ती म्हणाली, ‘दारू किती आहे ते विचारलास काय?’ विचारले, तर दोन तोफांना पुरेल एवढी. मग दहा वर्षांची हेर पुढे सरली. ‘मी जातो खाली. बुट्टीत शेणी घेऊन जातो. बाजारच्या बाईला कोण अडवतंय?’ सून म्हणाली, ‘चौकीवरचा शिपाई विचारतोय, वेढा पडलेल्या गडावरून शेणी खाली कशाला आणलीस?’ सगळे हसले. पोरगी जराशी थांबली. ‘नाही, रिकामी बुट्टी घेऊन जातो. सांगतो, मी खालच्याच वाडीची, वेढ्याआधी शेणी विकायला वर गेलतो, अडकून पडलो. आता सोडा की मला.’ तीन कवड्या हव्या होत्या, दोन पडल्या. पकडली गेली. आणि तरीही डाव संपला नाही, कारण सुनेने लगेच विचारले, ‘आता तू काय करशील?’

या एका प्रश्नापायी हवालदारालाही बोलावे लागले. सरनोबताचे मन वळवल्याशिवाय दार उघडत नव्हते, आणि ‘अटॅक’ या एका शब्दाने त्याचे मन वळत नव्हते. रात्र संपेपर्यंत त्या पोराच्या तोंडी ‘छापा’ आला, ‘कुमक’ आली, ‘दिंडी दरवाजा’ आला. मी काही त्याला मराठी शिकवायला बसलो नव्हतो. त्याला आपल्या बहिणीला सोडवायचे होते.

सरनोबत होते आमचे एक नातेवाईक, लष्करातून निवृत्त झालेले. अबोल माणूस. नोकरीबद्दल कोणी विचारले तर ‘झाली’ एवढेच सांगतात. सुनेने त्यांना विचारले, ‘सरनोबत, रात्रीचा पहारा कसा लावता?’ ते बोलू लागले. दोन पहाऱ्यांमध्ये अंतर किती ठेवायचे, कोणत्या प्रहरी माणसाला झोप अनावर होते, बर्फात उभा असलेला गडी जागा आहे हे दुरून कसे ओळखायचे. पारगडावर बर्फ पडत नाही, हे कोणीही मधे बोलले नाही. त्यांचे दोन्ही मुलगे, चाळिशी गाठलेले, खांबाला टेकून ऐकत होते. त्यातले एक अक्षरही त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते. ‘मी तिथे होतो’ असे सांगायला जो माणूस संकोचतो, तो ‘माझा सरनोबत असे करील’ म्हणून सगळे सांगून जातो. सोंगाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यासाठीच मी आज आपला इतका वेळ घेतो आहे.

एका वर्षी पारगड सोडून बेलवडी धरली. बेलवडी आपल्याच जिल्ह्यातली, बैलहोंगलाकडची. १६७८ साली दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या मराठी फौजेचे बैल तिथल्या लोकांनी पळवले, गढीला वेढा पडला, आणि देसाईण मल्लम्मा सुमारे महिनाभर झुंजली. पुढे महाराजांनी तिचा सन्मान करून मुलूख परत दिला, असे परंपरा सांगते; धारवाडजवळच्या यादवाड गावातले महाराजांचे दगडी शिल्प तिनेच करवून घेतले असे मानतात. चिठ्ठीत मल्लम्मा आली ती माझ्या पुतणीच्या मुलीला. ती गांगरली. म्हणाली, ‘मी महाराजांच्या फौजेशी लढू?’ घरातली एकदोन मोठी माणसेही चुळबुळली. पण चिठ्ठी ती चिठ्ठी. गढीच्या आत तिच्या मदतीला शेजारचा कन्नड शाळेत जाणारा मुलगा होता. तो कन्नडात बोलू लागला, कारण गढीत कन्नडच बोलत असणार; आणि तिलाही त्याला तसेच उत्तर द्यावे लागले, मोडकेतोडके. बाहेर मराठी, आत कन्नड, आणि मधे निरोप नेणारा एक बारा वर्षांचा जासूद, जो दोन्हीकडे सोयीप्रमाणे थोडे थोडे बदलून सांगत होता! पुतणीच्या मुलीने शेवटी तह केला. अटी काय? बैल परत, पण वैरणीचे पैसे मोजून घेऊन. खऱ्या इतिहासात असे काही नाही. ते आम्ही डाव संपल्यावर मुलांना सांगितले. खरे काय घडले आणि कुठून आपला खेळ वेगळा झाला, हे दर वेळी सांगायचेच, असा दुसरा नियम आहे. यामुळे इतिहास बिघडतो असा आक्षेप मी ऐकला आहे. मला उलटा अनुभव आहे. नुसते सन-सनावळ्या पाठ करणारी पोरे दुसऱ्या दिवशी विचारीत होती, ‘बैल किती होते?’

राहता राहिली किल्ला-स्पर्धा. बेळगावात आणि गावोगावी त्या उत्साहाने होतात, आणि त्यांनी ही चाल जिवंत ठेवली यात शंका नाही. तथापि बक्षिसाचा किल्ला मोठा होत जातो, तसा बापमंडळींचा हात त्यात वाढतो, आणि मुले बाजूला उभी राहतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार गड विकत मिळू लागले आहेत ते निराळेच. आपल्या संस्थेला माझी एवढीच सूचना आहे. सर्वांत देखण्या किल्ल्याला बक्षीस द्यायचे ते द्यावे. पण बलिप्रतिपदेच्या आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी हे सभागृह मोकळे ठेवावे, आणि ज्या घरांत सांगणारे कोणी नाही, जिथे अंगण नाही, ज्यांच्याकडे त्या वर्षी कोणी परतले नाही, अशा घरांतल्या मंडळींना इथे बोलवावे. खर्च जवळजवळ नाही. एक किल्ला, एक वही, चिठ्ठ्या आणि सहा कवड्या. एका डावाला पाच ते आठ माणसे बरी. त्याहून जास्त झाली तर दोन गड करावेत. वेळ दोन तास धरावा आणि तीन लागतील असे समजावे. सांगणारा शक्यतो घरातला सर्वांत बोलका माणूस नसावा. तो ऐकत नाही.

चहाची वेळ झाली आहे असे चिटणीस खुणावत आहेत. पुढे बसलेल्या बालमित्रांपैकी ज्यांना थांबायचे असेल त्यांनी चहानंतर या कोपऱ्यात जमावे. कवड्या मी बरोबर आणल्या आहेत. किल्ला नाही, पण या खुर्च्यांवर सतरंजी टाकली तर डोंगर होईल. डायनासोर कोणाकडे असेल तर घेऊन यावा.